प्यादेमात : एका डावाचें रसग्रहण

बुद्धिबळाच्या डावाचें रसग्रहण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत करावें काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत प्रथमच उभा राहील. काव्य, नाटक, चित्र, गायन यांना रसिकांच्या सभेंत मानाचें आसन असतें. बुद्धिबळाला मात्र आपण रिकामटेकड्यांचा उद्योग, किंवा फार तर बुद्धीचा व्यायाम समजून बाहेरच्या ओटीवर बसवितों. या समजुतीला कारणहि आहे. डावाचा हेतु जिंकणें हा असतो, सौंदर्य निर्माण करणें हा नसतो. आणि ज्या कृतीचा हेतु असा बाहेरचा, तिला कला कशी म्हणावी, असा आक्षेप सहज घेतां येतो. परंतु वास्तुशिल्पाचा मूळ हेतु निवारा हाच असतो, आणि वक्तृत्वाचा हेतु श्रोत्यांस आपल्या बाजूस वळविणें हा असतो. तेवढ्यावरून त्यांतील सौंदर्याची चिकित्सा कोणी निषिद्ध मानिली नाहीं. उलट टीकाकाराला बुद्धिबळांत एक मोठी सोय आहे. गवयाची मैफल उठली कीं विरून जाते आणि नटाचा अभिनय पडद्याबरोबर संपतो; डाव मात्र खेळी-खेळीनें लिहून ठेवितां येतो आणि पाऊणशें-शंभर वर्षांनीं जसाच्या तसा पटावर मांडतां येतो. टीकेला जी पहिली गोष्ट लागते, म्हणजे शुद्ध संहिता, ती येथें आयतीच हातीं असते.

असा एक डाव आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. तो पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा येथें, दुसऱ्या महायुद्धापूर्वीं खेळला गेला. काळीं मोहरीं मिगेल नायडॉर्फ (१९१०–१९९७) याच्याकडे होतीं. पुढें आर्जेंटिनाचा नागरिक होऊन जगांतल्या थोर बुद्धिबळपटूंत ज्याची गणना झाली, आणि सिसिलियन बचावांतील ज्याच्या नांवाची पद्धति फिशर व कास्पारोव्ह या जगज्जेत्यांनीं आपलें मुख्य शस्त्र केली, तोच हा नायडॉर्फ. या डावाच्या वेळीं मात्र तो उमेदवारी करणारा तरुण होता. पांढऱ्या बाजूला ग्लुक्सबर्ग नांवाचा खेळाडू होता, आणि त्याचें नांव बुद्धिबळाच्या ग्रंथांतून टिकून राहिलें तें या एका पराभवामुळें. डाव अवघ्या २२ खेळ्यांचा. तेवढ्यांत काळ्यानें आपले दोन्ही उंट आणि दोन्ही घोडे एकामागून एक प्रतिपक्षाच्या हवालीं केले आणि शेवटीं एका प्याद्यानें मात केली. टार्टाकोवर या थोर व मार्मिक खेळाडूनें या डावाला ‘पोलंडचा अमर डाव’ असें नांव दिलें, आणि तेंच रूढ झालें.

‘प्यादेमात’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाहीं. ज्या गोष्टीचें कौतुक असतें तिच्यासाठीं भाषा स्वतंत्र शब्द घडविते. आपल्या जुन्या देशी खेळांत वजिरानें किंवा हत्तीनें केलेल्या मातीपेक्षां प्याद्यानें केलेल्या मातीची प्रौढी अधिक, म्हणूनच हा शब्द जन्मास आला. या प्रौढीचा अर्थ दोन प्रकारांनीं लावण्यांत येतो. कोणी म्हणतो कीं, अशी मात करण्यासाठीं मोठमोठीं मोहरीं खर्चीं घालण्याचें औदार्य अंगीं लागतें. कोणी म्हणतो कीं, क्षुद्रानें राजाला लोळवावें यांतच तिची गोडी आहे. प्रस्तुत डावाची स्तुतिहि बहुधा याच दोन सुरांत होते. हे दोन्ही सूर या डावाच्या खऱ्या सौंदर्याला धरून नाहींत, असें आमचें मत आहे; आणि तें पटवून देण्यासाठीं डावाच्या अंतरंगांतच शिरलें पाहिजे.

घरांचीं नांवें सांगतांना आपण जुन्या पद्धतीप्रमाणें चालूं. ज्या उभ्या ओळींत आरंभीं जें मोहरें असतें, त्याच्या नांवानें ती ओळ ओळखूं, आणि घरें सर्वत्र पांढऱ्याच्या बाजूनें मोजूं. ज्यांना पट मांडून डाव पाहणें शक्य असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. ज्यांना तितकी सवड नसेल त्यांनीं निदान घरांचा हिशेब मनांत ठेवीत पुढें यावें.

पांढऱ्यानें वजिरापुढचें प्यादें दोन घरें सरकवून आरंभ केला. काळ्यानें डच बचाव स्वीकारला, आणि वजीरउंट, वजीर, राजा व राजउंट या चौघांपुढचीं प्यादीं पांढऱ्या रंगाच्या घरांवर अशीं रोंविलीं कीं, त्या रचनेला ‘दगडी भिंत’ असेंच नांव पडलें आहे. ही भिंत भक्कम असते, परंतु तिच्यांत एक जन्मजात दोष असतो. चारहि प्यादीं पांढऱ्या घरांवर उभीं राहिल्यानें, पांढऱ्याच घरांवरून चालणारा काळ्याचा वजीरउंट तिच्या आड कोंडला जातो. या पद्धतीनें खेळणाऱ्या कित्येकांचा हा उंट डाव संपेपर्यंत उपऱ्यासारखा मूळ घरींच बसून राहतो. त्याला वाचकांनीं लक्षांत ठेवावें. या नाटकांत त्याचा प्रवेश उशिरां आहे आणि तोहि एकदांच आहे.

आठ खेळ्यांत दोन्ही पक्षांचे किल्लेकोट झाले. नवव्या खेळीला पांढऱ्यानें आपला राजघोडा, काळ्याच्या राजापुढील प्याद्यावर नजर ठेवून, घोड्याच्याच ओळींतील पांचव्या घरावर नेला. चढाईचा आव आणणारी ही खेळी घातक ठरली. कारण हाच घोडा आपल्या राजाशेजारच्या प्याद्याचा राखणदार होता. राखणदार हलतांच काळ्याच्या राजउंटानें राजहत्तीपुढचें तें प्यादें मारून शह दिला. राजानें उंट मारावा, तर काळ्याचा घोडा पुढें सरसावून दुसरा शह देतो, आणि तो सरल्यानें मोकळ्या झालेल्या तिरक्या ओळीवरून काळ्याचा वजीर त्या आगंतुक घोड्याला गिळतो. म्हणून राजा कोपऱ्यांत सरला. काळ्याचा घोडा राजघोड्याच्या चौथ्या घरावर आला. त्याचा वजीर दोन पावलांत राजहत्तीच्या ओळींत येऊन उभा राहिला. पांढऱ्यानें दरम्यान दोन प्यादीं सरकवून आंत शिरलेल्या उंटाची परतीची वाट बंद केली, आणि तेराव्या खेळीला राजा पुढें आणून त्या उंटावर चाल केली. आतां उंट सांपडला, अशी त्याची समजूत झाली असावी. आणि एका अर्थानें ती खरीहि होती. उंट सांपडला होता, शिवाय तो आपल्याच वजिराच्या वाटेंत आडवा उभा होता.

येथून पुढें डावाला रंग चढतो. काळ्यानें तो उंट मागें घेण्याचा यत्न केला नाहीं. त्यानें तो आणखी एक घर पुढें, राजघोड्याच्या पहिल्या घरावर नेऊन ठेविला. तेथें त्याला राजा मारूं शकतो, हत्ती मारूं शकतो आणि घोडाहि मारूं शकतो. राजानें मारला तर वजीर लगोलग राजहत्तीच्या दुसऱ्या घरावर येऊन मात करितो; हत्तीनें मारला तर त्यानंतर दोनच खेळ्यांत मात होते. उरला घोडा, आणि त्यानें मारला. उंटानें मोकळ्या केलेल्या घरांत वजीर शह देत शिरला आणि राजाला तिसऱ्या आडव्या ओळींत, राजउंटाच्या तिसऱ्या घरावर यावें लागलें. दुसरी आडवी ओळ वजिराच्या ताब्यांत गेली. राजाला परत घरीं जाण्याची वाट उरली नाहीं. एक उंट गेला, पण त्याच्या जाण्यानें राजा उंबऱ्याबाहेर आला आणि दार मागून लागलें.

आतां काळ्यानें भिंतींतील राजाचें प्यादें पुढच्या, म्हणजे पांचव्या घरावर सरकविलें. पांढऱ्यानें तें मारलें. येथें त्याच्यावर सक्ती नव्हती; परंतु मारल्यावर मात्र पुढील तीन खेळ्यांत त्याला निवड अशी उरलीच नाहीं. काळ्याच्या वजीरघोड्यानें तेथेंच उडी घेऊन शह दिला, त्याला राजउंटापुढच्या प्याद्यानें मारणें भाग पडलें. लागलीच दुसरा घोडा त्याच घरावर आला आणि पुन्हां शह. राजाला एक घर पुढें जाणें भाग. घोड्यानें बाजूस होऊन पुन्हां शह दिला. राजाला एक घर मागें येणें भाग. पटावर जिकडे पाहावें तिकडे पांढऱ्याचीं मोहरीं उभीं आहेत, आणि त्यांचा राजा मात्र दोन घरांत येरझाऱ्या घालीत आहे, असें हें दृश्य आहे.

राजा येरझाऱ्या घालीत असतां डावांत जी दुसरी गोष्ट घडली, तिच्याकडे घाईनें डाव पाहणाऱ्याचें लक्ष जात नाहीं. राजाचें प्यादें पुढें जाऊन मेलें, त्यानें सहावें घर मोकळें झालें. वजीरघोडा पुढें जाऊन मेला, त्यानें वजिराच्या ओळींतील सातवें घर मोकळें झालें. हीं दोन्ही घरें त्या कोंडलेल्या वजीरउंटाच्या तिरक्या वाटेवरचीं होतीं. वाटेंत आतां राजउंटाचें एकच प्यादें उरलें होतें. एकोणिसाव्या खेळीला काळ्यानें तेंहि एक घर पुढें लोटलें, आणि भिंतीच्या आड डावभर निजलेल्या उंटाला मूळ घरापासून थेट राजघोड्याच्या चौथ्या घरापर्यंत वाट मोकळी झाली. शिवाय पुढील खेळींत घोडा राजाच्या पांचव्या घरावर येऊन मात करील, असा धाकहि त्याच खेळींत होता. पांढऱ्यानें राजाच्या प्याद्यानें तें प्यादें मारलें. तेव्हां विसाव्या खेळीला तो उंट उठला, एका झेपेंत राजाशेजारीं आला, शह दिला आणि मेला. डावांत त्यानें केलेली हालचाल एवढीच. राजानें त्याला न मारतां बाजूस व्हावें, तर उंट मागें उभ्या असलेल्या वजिराला मारतो. म्हणून राजानें त्याला मारलें आणि तो चौथ्या ओळींत ओढला गेला.

आतां खरी कसोटी आहे. राजा उघड्यावर आहे. राजहत्तीचें प्यादें, ज्यानें या डावांत आपलें मूळ घर अद्याप सोडलेलें नाहीं, तें दोन घरें सरून शह देऊं शकतें. उतावीळ खेळाडूनें येथेंच तो शह दिला असता. परंतु मग राजाला राजउंटाच्या तिसऱ्या घरावर परत जातां आलें असतें. कारण त्या ओळीच्या टोकाला काळ्याचा हत्ती उभा असला, तरी मध्यें पांढऱ्याचेंच प्यादें उभें राहून त्याची दृष्टि अडवीत होतें. म्हणून काळ्यानें आपला शेवटचा घोडा राजाच्या पांचव्या घरावर ठेवून शह दिला. राजाला हलावयास एकहि घर नाहीं. घोडा मारल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि त्याला मारूं शकणारें एकच प्यादें आहे, तेंच तें मध्यें उभें असलेलें. त्यानें घोडा मारला आणि मारतांना ओळ सोडली. हत्तीची वाट आरपार मोकळी झाली. मग राजहत्तीचें प्यादें दोन घरें पुढें सरलें. त्याच्या मागें वजीर उभा असल्यानें राजाला तें मारतां येत नाहीं; बाजूच्या ओळीवर हत्तीचा पहारा आहे; उरलेल्या घरांत राजाचाच घोडा आणि राजाचेंच प्यादें उभें आहे. मात झाली.

त्या क्षणीं पटावर काय उरलें आहे तें मोजावें. पांढऱ्याचा राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, सारे शाबूत आहेत; त्याचीं गेलीं तीं तीन प्यादीं. त्याचा वजीर, वजिराच्या बाजूचा हत्ती व उंट यांनीं तर डावभर मूळ घरहि सोडलें नाहीं. काळ्याकडे राजा, वजीर, दोन हत्ती आणि सहा प्यादीं, याहून अधिक कांहीं नाहीं. कोणी परका येऊन केवळ मोहरीं मोजूं लागला, तर पांढऱ्याचा विजय झाला असेंच तो म्हणेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा डाव सुंदर कशामुळें? चार मोहरीं दिलीं म्हणून, असें उत्तर येतें. परंतु देणें हाच जर गुण असेल, तर उधळपट्टी आणि दान यांत भेद तो काय उरला? १८५१ सालीं लंडन येथें आंडरसेननें कीझेरित्स्कीविरुद्ध खेळलेला डाव ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत त्यानें एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटीं वजीर दिला. देण्याच्या मापानें तो डाव या डावाहून पुष्कळ मोठा. त्याची शेवटची रचना कोणालाहि मोहून टाकील अशी आहे. तथापि पुढील परीक्षकांनीं दाखविलें आहे कीं, हत्ती उघड्यावर टाकण्याच्या त्या क्षणीं त्याहून साध्या आणि अधिक बळकट खेळ्या उपलब्ध होत्या. म्हणजे त्या दानांत आवश्यकतेपेक्षां ऐश्वर्याचा भाग अधिक होता. तो एका थोर पिढीचा थाट होता, आणि त्या थाटाचा आनंद आम्हांसहि होतो.

नायडॉर्फच्या डावाचा आनंद निराळ्या जातीचा आहे. येथें प्रत्येक मृत मोहऱ्याच्या मागें कांहीं तरी उघडें झालेलें सांपडतें. पहिल्या उंटानें वजिराचें घर मोकळें केलें. राजाच्या प्याद्यानें व वजीरघोड्यानें दुसऱ्या उंटाची वाट मोकळी केली. राजउंटाच्या प्याद्यानें ती पुरी केली. दुसऱ्या उंटानें राजाला पुढें ओढलें. दुसऱ्या घोड्यानें हत्तीची ओळ मोकळी केली. आणि एवढें सारें झाल्यावर, ज्याला कांहींच मोकळें करावयाचें उरलें नव्हतें, त्या प्याद्यानें मात केली. यांतील एक दुवा काढावा तर पुढचा दुवा तुटतो. काव्यांत क्षेमेंद्रानें औचित्याला जें सर्वोच्च स्थान दिलें, त्याचें इतकें उघडें उदाहरण काव्यांत देखील क्वचित् मिळेल. आणखी एक मौज पाहावी. राजाच्या ओळींतील त्या पांचव्या घरावर काळ्याचें प्यादें मेलें, तेथेंच पहिला घोडा मेला, आणि पांच खेळ्यांनंतर तेथेंच दुसरा घोडा मेला; तिन्ही वेळां मारणारें पांढऱ्याचें प्यादेंच होतें. ध्रुवपदाप्रमाणें तेंच घर पुनःपुन्हां येतें, आणि दर वेळीं त्याचा अर्थ वाढलेला असतो. पहिल्यानें तेथें नुसती झटापट वाटते. शेवटच्यानें कळतें कीं, पांढऱ्याचीं प्यादीं त्या घराकडे ओढून घेणें हाच डावाचा गाभा होता.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. प्रतिपक्षी दुबळा असेल तर विजयाचें कौतुक कसलें? ग्लुक्सबर्गची नववी खेळी सदोष होती, आणि सोळाव्या खेळीला राजाचें प्यादें मारण्यांत त्याची घाई झाली, हें खरें आहे. आणि आज कोणतेंहि गणकयंत्र शेवटची कोंडी निमिषांत शोधून काढील, हेंहि खरें आहे. परंतु आक्षेप घेणारे कठीणपणा आणि सौंदर्य यांची गल्लत करितात. शोधण्यास कठीण तेंच सुंदर, असें असतें तर काव्यापेक्षां कूटश्लोक श्रेष्ठ ठरते. शिवाय चूक ही या कलेची सामग्रीच आहे. दोन्ही पक्ष निर्दोष खेळले तर डाव बहुधा बरोबरींत सुटतो. एकाच्या चुकीवांचून दुसऱ्याच्या प्रतिभेला वाव नसतो. प्रश्न इतकाच कीं, मिळालेल्या संधीचें खेळाडूनें काय केलें. नायडॉर्फनें तिच्यांतून पुरा आशय काढला. पांढऱ्याच्या चुकीची शिक्षा म्हणून एक-दोन प्यादीं घेऊन तो स्वस्थ बसला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. आणि आज हा डाव कोणी मांडलाहि नसता.

दुसरा सूर क्षुद्राच्या विजयाचा. हा सूर अधिक लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. प्याद्यानें राजाला जिंकलें हें ऐकतांच आपल्या मनांत दीनांच्या उत्कर्षाच्या कथा जाग्या होतात. पण पटाकडे पाहावें. त्या प्याद्याच्या मागें वजीर नसता, तर राजानें तें सहज खाल्लें असतें. बाजूच्या ओळीवर हत्ती नसता, तर राजा सहज निसटला असता. उलट ज्या प्याद्यांनीं खरोखर सोसलें, त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. वजिरापुढचें प्यादें पांचव्या घरावर जाऊन बसलें, आणि येरझाऱ्या चालूं असतां राजाला राजाच्या चौथ्या घरावर पाय ठेवूं न देण्याचें काम अखेरपर्यंत करीत राहिलें. तें ना मेलें, ना त्यानें मात केली. शेवटचें प्यादें तर मात होईपर्यंत घरींच बसलें होतें, आणि त्याची पहिली खेळी हीच डावाची शेवटची खेळी ठरली. तींतहि त्याच्या पराक्रमापेक्षां नियमाचें साह्य मोठें. प्राचीन चतुरंगांत किंवा अरबांच्या शतरंजांत प्यादें एका वेळीं एकच घर सरे. आरंभीं दोन घरें सरण्याची मुभा त्याला युरोपांत मिळाली. जुन्या नियमानें हें प्यादें राजापर्यंत पोंचलेंच नसतें. शतरंजांतला दुबळा वजीरहि पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतच प्रबळ झाला. तो तसा नसता तर दुसरी आडवी ओळ आणि राजहत्तीची उभी ओळ या दोन्ही एकट्यानें कोणी राखिल्या असत्या?

मग प्यादेमातीची प्रौढी खोटी काय? आमच्या मतें ती खोटी नाहीं; फक्त तिचा अर्थ निराळा आहे. शेवटचा घाव सर्वांत हलक्या मोहऱ्यानें पुरा होतो, याचा अर्थ असा कीं, बाकीची सारी तयारी पुरी झालेली आहे. कसलेला सुतार सांधा असा बेततो कीं, शेवटीं बोटानें दाबतांच लांकूड बसतें. तेथें हातोडा घालावा लागला, तर बेतण्यांत कसर राहिली असें जाणकार म्हणतो. प्यादेमात ही बेत अचूक असल्याची खूण आहे. आपल्या पूर्वजांनीं तिला मान दिला तो प्याद्याला नसून, प्याद्यानें भागेल अशी वेळ आणणाऱ्याला दिला.

या डावाविषयीं लिहितांना खेळाडूच्या चरित्राकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं, आणि तेथें टीकाकारानें फार जपून बोलावयास हवें. १९३९ सालीं पोलंडच्या संघाबरोबर नायडॉर्फ बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडसाठीं ब्युनॉस आयरिसला गेला. त्या संघांत टार्टाकोवरहि होता. स्पर्धा चालूं असतांनाच १ सप्टेंबर रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. नायडॉर्फ ज्यू होता. तो मागें गेला नाहीं. त्याची पत्नी, मुलगी, आईबाप आणि भाऊ पोलंडमध्यें राहिले होते, आणि ते सर्व ज्यूंच्या त्या संहारांत नाहींसे झाले. १९४७ च्या जानेवारींत ब्राझीलमधील साव पावलो येथें त्यानें पट न पाहतां एकाच वेळीं ४५ डाव खेळले; त्यांपैकीं ३९ जिंकले, ४ बरोबरींत सोडविले आणि २ गमावले. अशा विक्रमाची बातमी सर्वत्र जाईल, आणि युरोपांत आपलें कोणी जिवंत असल्यास त्याच्या कानीं पडेल, ही आशा त्याच्या अशा प्रयोगांमागें होती. उत्तर आलें नाहीं.

हा वृत्तांत कळल्यावर वॉर्साच्या त्या डावाकडे पाहणाऱ्याच्या मनांत त्यागाच्या उपमा आपोआप गर्दी करितात. तरुण नायडॉर्फनें पटावर एकामागून एक मोहरें दिलें, आणि पुढें दैवानें त्याच्यापासून एकामागून एक माणूस नेलें, असें वाक्य लेखणीच्या टोंकाशीं येऊन थांबतें. तें तेथेंच थांबलें पाहिजे. पटावरचा बळी लांकडाचा असतो. डाव संपतांच मेलेला घोडा आणि मारणारें प्यादें एकाच पेटींत जातात, आणि उद्यां पुन्हां उभे राहतात. तेथें देणारा आपल्या खुषीनें देतो आणि काय मिळवावयाचें तें जाणून देतो. नायडॉर्फच्या आयुष्यांत जें गेलें तें त्यानें दिलें नव्हतें, आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं मिळावयाचेंहि नव्हतें. माणसांना प्यादीं म्हणणारी भाषा सेनापतींच्या आणि मुत्सद्यांच्या तोंडीं फार दिवस रुळली आहे. त्यांनीं ती उपमा बुद्धिबळांतून घेतली, आणि तिच्या आडोशानें ज्या गोष्टी केल्या, त्यांतली एक या खेळाडूच्या घरावर कोसळली. म्हणून बुद्धिबळावर लिहिणाऱ्यानें तरी ही उपमा हातीं धरूं नये. बलिदान हा शब्द या खेळांत परिभाषा म्हणून राहूं द्यावा. त्याला पुण्याचा वास लावूं नये.

असें असूनहि नायडॉर्फ बुद्धिबळें सोडून गेला नाहीं. वार्धक्यांतहि तो हौसेनें खेळत राहिला. याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. जगांत जें कधीं दिसत नाहीं तें या चौसष्ट घरांत दिसतें : येथें जें जातें तें व्यर्थ जात नाहीं. निदान चांगल्या डावांत तरी जात नाहीं. त्याच्या तरुणपणच्या या २२ खेळ्यांत तें जितकें स्वच्छ दिसतें, तितकें फार थोड्या डावांत दिसलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पट आहे त्यांनीं तो काढावा, काळ्या वजीरउंटाच्या वाटेवर लक्ष ठेवून डाव पुनः एकदां खेळून पाहावा, आणि विसाव्या खेळीपाशीं क्षणभर थांबावें. त्या वाटेवरचें शेवटचें प्यादें नुकतेंच बाजूला झालेलें असेल.